चंद्राचा सात-बारा

कोकणात माणूस मेला तरी सात-बाऱ्यावरून उठत नाही. आमच्या तोंडवलीत दोन गुंठे कातळावर पस्तीस नावे सापडतील. त्यांतली निम्मी माणसे मुंबईत आणि उरलेली स्वर्गात. त्यातून आमचा अर्धा जन्म बँकेत तारणाचे कागद तपासण्यात गेलेला. तेव्हा चंद्र नक्की कुणाच्या नावावर, ही काळजी आम्ही नाही करायची तर कुणी?

१९६७ च्या अंतराळ कराराने चंद्रावर कुठल्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. म्हणजे उतारा कोरा. १९७९ च्या चंद्र-करारात तर तिथली खनिजे साऱ्या मानवजातीची सामाईक मिळकत ठरली. भारताने १९८२ साली त्यावर सही केली. मंजुरी मात्र दिलेली नाही. असे जामीनदार आम्ही ओळखतो. सही झोकात करतात, फोटो आणायला म्हणून जातात ते जातातच!

पुढे २०१५ साली अमेरिकेने कायदा केला : जागा कुणाचीच नाही, पण खणलेला माल खणणाऱ्याचा. २०१७ साली लक्झेंबर्गनेही तेच केले. हा देश आपल्या सिंधुदुर्गाच्या जेमतेम अर्धा! २०२० च्या आर्टेमिस करारात ‘सुरक्षा क्षेत्रे’ आली. दुसऱ्याच्या कामात अडथळा नको, एवढाच हेतू. कोकणात याला गडगा म्हणतात. तोही गुरे शिरू नयेत म्हणूनच घालतात. मग दर पावसाळ्यानंतर तो चार बोटे पुढे सरकलेला दिसतो. २०२३ च्या जूनमध्ये यावर आपलीही सही झाली.

“समुद्र कुणाचा नाही, पण मासा धरणाऱ्याचा, तसंच हे,” असे मी मामांना समजावले. कायदेपंडितही हाच दाखला देतात.

मामा म्हणाले, “खरा. पण मेल्या, रापणीत दोरी वढतल्या सगळ्यांक वाटो असता. पर्ससीनवालो कोनाक देता?”

पंडितांची इथेच पंचाईत आहे. साऱ्यांच्या हातात दोरी होती तोवर ‘धरील त्याचा मासा’ हा नियम न्यायाचा होता. यांत्रिक जाळी आली आणि नियम तोच राहून न्याय तेवढा गेला. २०१६ साली सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले, तरी मालवण किनाऱ्यावरची भांडणे मिटली नाहीत.

समुद्रतळाची गोष्ट वेगळी. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ साली तळावरचे धातूंचे गोटे वर काढले, पण तेवढ्यावर मालकी मिळाली नाही. तळ साऱ्या जगाचा, म्हणून रीतसर अर्ज करून १९८७ साली आपण हिंदी महासागरात क्षेत्र नोंदवून घेतले. पावती फाडून! आमच्या मते चंद्रावरही हीच रीत हवी.

पण तेव्हा आपण दोरी ओढणाऱ्यांत होतो. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरले. मामांनी पेढा खाल्ला आणि विचारले, “आता आपण वाटो मागतलव, की देतलव?”