न्हाव्यानं नाही म्हटलं तेव्हा

धंदा कशाला म्हणायचं आणि चाकरी कशाला? ज्याच्याकडे दुकान, वही, तराजू तो धंदेवाला. ज्याच्याकडे नुसते हात तो गावचा चाकर. इंग्रजाच्या दप्तरात महाराच्या वतनाला ‘कनिष्ठ’ हा शब्द चिकटला, तो १९५८ साली वतन खालसा करणाऱ्या कायद्याच्या नावातसुद्धा राहिला. वतन गेलं, कनिष्ठ राहिलं. म्हणून हा प्रश्न मुळापासून उकरायला पायजे.

पुणे-नगरकडचा मुलूख घ्या. इंदापूर, शिरूर, सुपे. साल १८७५ च्या आगंमागं. कुणबी ज्वारी-बाजरी पिकवायचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ लढाई जुंपली तेव्हा मँचेस्टरला कापूस मिळंना, मग इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागला. लढाई संपली, भाव बसला. १८३६ साली इंदापुरात ज्या मोजणीनं सारा ठरवला तिची तीस वर्षं भरली, आणि सरकारनं नेमका तेव्हाच सारा वाढवला. आज माझ्या रिंग फ्रेमवरून जो पेळू जातो त्याचा भावही अजून भलतीकडेच ठरतो. असो.

या कुणब्याला जगवायला कोण कोण लागायचं? विहिरीची मोटच बघा. मेलेलं जनावर महारानं ओढायचं, सोलायचं. ढोरानं कातडं कमवायचं. चांभारानं मोट शिवायची. नाडा-सोंदूर मांगानं वळायचा. चाक सुताराचं, कडी लोहाराची. मग बैल उतरंडीला लागले की त्या कातड्यातनं पाणी थारोळ्यात पडायचं, पाटानं मळ्यात जायचं. वांगी पिकायची, ऊस पिकायचा, देवाला गूळ जायचा. त्या पाण्याला बाट लागला असं कुठल्या शास्त्र्यानं म्हटलेलं नाही. आणि ज्यानं मोट शिवली तो चांभार त्याच विहिरीला हात लावू शकत नव्हता. मेल्या बैलाचं कातडं विहिरीत उतरायचं, जित्या माणसाचा पोहरा उतरायचा नाही!

आता हिशेब मांडू. कुळवाची फास शेवटायची ती पेरणीच्या आधी. मोट शिवायची ती पाण्याच्या वक्ताला. येसकरानं वेस राखायची ती बारमाही. आणि बलुतं मिळायचं खळ्यावर, सुगी झाली की. म्हणजे सुतार, लोहार, चांभार, महार, मांग हे सगळे कुणब्याला सालभर उधारीवर काम देत होते. बिनव्याजी. पीक बुडालं की यांची उधारीही बुडाली. मग खरा सावकार कोण? ज्यानं रुपये दिले आणि नांगराची निशाणी करून घेतली तो, का ज्यानं बारा महिन्यांचं अंग दिलं आणि शेवटाला सुपात काय पडंल ते मुकाट घेतलं तो? पहिल्याच्या येण्याला ‘वसूल’ म्हणतात. दुसऱ्याच्या येण्याला ‘मागणं’. भाषासुद्धा कुणाच्या बापाची आहे ते बघा.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करड्याला एका मारवाडी सावकारानं बाबासाहेब देशमुखावर दीडशे रुपयांपायी हुकूमनामा आणला आणि घर पाडायला निघाला. गाव उठला. पण आधी दगड नाही उचलला. गावानं सावकाराची सेवा बंद केली. न्हाव्यानं हजामत बंद केली, पाणक्यानं पाणी. इतर गावांतही तेच झालं. जो कोणी सावकाराची जमीन कसंल त्यालाही न्हावी-परीट मिळणार नाही, असं ठरलं. पुढं १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दुकानं फुटली, वह्या आणि खतं जळाली. लोक माणूस मारायला गेले नव्हते, कागद जाळायला गेले होते. तेही मारवाडी-गुजर सावकाराचे. बामण सावकाराकडं फारसं कुणी फिरकलं नाही! सरकार हललं, कमिशन बसलं, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यासाठी कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचं बंद झालं.

महाराची उधारी कुठल्या वहीत नव्हती, त्यामुळं तिच्यासाठी जाळायलाही काही नव्हतं.

आता खरी गाठ. मी हे खात्यातल्या एका जोडीदाराला सांगितलं. तो म्हणाला, “मग बरोबर केलं की करड्यानं. आपण संप करतो तसाच तो संप.” मी म्हटलं, थांब गड्या. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्याचं मांस सोडा, गावची शिळी भाकर सोडा. लोकांनी सोडलं. ढोर ओढायला नाही म्हणाले. तेव्हा गावानं काय केलं? हेच केलं. दुकान बंद, दळण बंद, वाट बंद, रानात पाऊल ठेवायचं नाही. १९३० च्या स्टार्ट समितीच्या अहवालात ते छापलेलं आहे, बाबासाहेब त्या समितीत होते. त्याच साली गोलमेज परिषदेत त्यांनी मागणी केली की बहिष्कार हा गुन्हा ठरवा. म्हणजे सावकारावर चाललेलं हत्यार महारवाड्यावर चाललं.

जोडीदार म्हणाला, “मग तेव्हा चांगलं आणि आता वाईट, असं कसं म्हणतो तू?”

सोपं उत्तर असं की सावकारामागं कोर्ट होतं, शिपाई होता, पैसा होता, तालुक्याला बिऱ्हाड हलवता येत होतं. महाराला जायला जागा नव्हती. हे खरं आहे, पण एवढ्यावर मी सुटत नाही. सावकाराच्या पोराला तहान लागतच असणार. तिथं मी ‘वर्गशत्रू’ म्हणून टाळी वाजवली, तर उद्या माझ्या पोराच्या तहानेवर कुणी टाळी वाजवली तर मी कुठल्या तोंडानं ओरडू?

मला वाटतं, दोन गोष्टी एका शब्दात कोंबल्यात. वस्तरा न्हाव्याचा आहे. तो म्हणू शकतो, तुझी दाढी मी करणार नाही. माझे हात माझे आहेत, तुझं ढोर मी ओढणार नाही. हे नाकारणं माणसाचं आहे. पण विहीर, वाट, बाजार हे कुणा एकाचं नाही. ते अडवणं म्हणजे आपले हात आखडणं नव्हे, दुसऱ्याचा गळा आवळणं. करड्यात ह्या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. महारवाड्यावर फक्त दुसरी झाली.

आणि आणखी एक. करड्याचा न्हावी खरंच नाही म्हणाला का? का गावानं त्याच्या तोंडून नाही म्हणवलं? त्याचं बलुतं गावाच्या खळ्यावर होतं. सावकाराची दाढी केली असती तर त्याच्याच घरचं दाणं तुटलं असतं. ज्याला ‘हो’ म्हणायची मुभा नाही त्याच्या ‘नाही’ला मी बंड म्हणणार नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांना जमवलं. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली तेच लोखंडे. त्या न्हाव्यांनी ठरवलं की बामणाच्या विधवेचं डोकं भादरणार नाही. ते न्हाव्यांचं आपलं नाही होतं. त्यात मिळकत बुडत होती, आणि ज्या बाईसाठी बुडत होती ती त्यांच्या जातीची नव्हती.

वतनाचं काम करणाऱ्या महाराला असं नाही म्हणायची सोयच नव्हती. १८७४ चा वतन कायदा त्याच्या मानेवर होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात दुरुस्तीचं बिल आणलं, ते काय जमिनीच्या तुकड्यासाठी नव्हतं. काम ठरलेलं असावं, मोबदला ठरलेला असावा, आणि नको असेल तर सोडता यावं. ज्याला धंदेवाला म्हणतात त्याला हे तिन्ही जन्मतःच मिळतं.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१६ ला मंजूर झाला, २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. चांगलं झालं. पण उद्या गाव न्हाव्याच्या दुकानात येऊन म्हणालं, “त्या वस्तीची डोकी इथं करायची नाहीत,” तर फिर्यादीत पहिलं नाव त्या न्हाव्याचं लागंल का गावाचं? आणि त्यानं वस्तरा खाली ठेवलाच नाही, तर संध्याकाळी त्याच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून कोण जाऊन बसणार?