फेसाचं पुढे काय होतं?

रात्री भांडी घासून झाली की सिंकमधला फेस जाळीतून खाली जातो आणि माझ्यापुरता संपतो. पण तो खरंच संपतो का?

फेस करणाऱ्या रेणूला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याचं डोकं पाण्याला धरतं, शेपूट तेलाला. म्हणून ओशट कढई स्वच्छ होते. १९५०च्या दशकात डिटर्जंटमधल्या या रेणूंच्या शेपटीला फांद्या असत. जिवाणूंना त्या सहज तोडता येईनात आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेस साचू लागला. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला, पुढे सरळ शेपटीचे रेणू आले. मळ आधीही निघत होता, नंतरही निघाला. फरक पडला तो आपण हात पुसल्यानंतरच्या गोष्टीत.

१९९८ साली पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं मांडली. त्यांतलं एक असं: काम झाल्यावर वस्तूचं निरुपद्रवी घटकांत विघटन व्हावं, अशीच ती घडवावी. आपण टिकण्याला गुण मानतो. इथे वेळेवर संपता येणं हा गुण आहे.

त्याच वाटेवर समुद्री शेवाळ येतं. तपकिरी शेवाळात अल्जिनेट असतं. त्याची साखळी आम्लाने तोडायची आणि साखरेच्या कुळातल्या त्या तुकड्यांना फॅटी अल्कोहोलची शेपटी जोडायची. शेवाळाला ना शेतजमीन लागते, ना गोडं पाणी.

मग प्रश्न मिटला? शेपटीचं फॅटी अल्कोहोल बऱ्याचदा पाम किंवा खोबरेल तेलातून येतं, आणि पामच्या मळ्यांसाठी जंगलं तुटली आहेत. समुद्रही मोकळी जागा नाही. मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ, लागवडीसाठी आणलेलं कॅपाफायकस हे परदेशी लाल शेवाळ प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ साली झाली. वस्तूचा शेवट चांगला झाला, म्हणून तिची सुरुवातही निर्दोष ठरत नाही.

हे मला कळलं ते स्वतःकडे बघून. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली महागडी बाटली आणली आणि महिन्याऐवजी पंधरा दिवसांत संपवली. विघटन होणारच आहे, मग ओता! रेणू बदलला होता, मी नाही. उलट त्याच्या चांगुलपणावर मी माझा हात सैल सोडला होता.

चांगला रेणू हवाच. तो शोधणाऱ्यांचं काम मोलाचं आहे. पण किती ओतायचं, हे तो ठरवू शकत नाही.

काल कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेतली. मग दोन थेंब पुरले.