मूर्ख कोण, ते आधी ठरव

ऊठ. वही घेऊन इकडे ये. 'एल्फ मूर्ख होते म्हणून सोलासच्या नादी लागले.' एका ओळीत निकाल, आणि खाली अर्धं पान कोरं! न पटलेल्या पुढाऱ्यावर लिहा म्हटलं, तू गेममधला निवडलास. माझी तक्रार नाही. 'ड्रॅगन एज' मीही खेळलोय. आ वासून बघू नकोस.

आता मला सांग, २०१४ च्या त्या 'इन्क्विझिशन'मध्ये सोलास कोणाच्या टोळीत होता? तुझ्या. बर्फातून स्कायहोल्ड किल्ल्याची वाट कोणी दाखवली? त्याने. त्याच किल्ल्याच्या भिंतीवर तुझ्या पराक्रमाची चित्रं कोण रंगवत बसला होता? आभाळाला भोक पडलं ते ज्या गोळ्यामुळे, तो गोळा त्याचाच. आणि ते भोक बुजवायला तू त्यालाच सल्ला विचारत होतास. हा एल्फांच्या पुराणातला फेनहॅरेल आहे, दगाबाज लांडगा, हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही. पोट भरलेलं, हातात तलवार, मागे सैन्य, तरी फसलास. आणि मूर्ख कोण, तर एल्फ?

त्यांच्या वाट्याला काय आलं ते वाचलंस का? की संवाद आले की बटण दाबून पुढे? डेल्सची भूमी त्यांना बक्षीस मिळाली होती, टेव्हिंटर साम्राज्याविरुद्धच्या बंडात साथ दिली म्हणून. ती धर्मयुद्ध पुकारून काढून घेतली. ज्यांनी चँट्रीचा धर्म पत्करला ते शहरात, भिंतीआडच्या वस्तीत. ज्यांनी नाकारला ते रानोमाळ, तेच डेलिश. २००९ च्या 'ओरिजिन्स'मधली डेनेरिम शहरातली तशीच वस्ती आठव. साथ आलीय, उपचार करतो, असं सांगत टेव्हिंटरची माणसं आली आणि रांगेतल्या एल्फांना गुलाम म्हणून घेऊन गेली. व्यवहार कोणाचा? राज्य चालवणाऱ्या लोगेनचा, युद्धाला पैसा हवा म्हणून. म्हणजे फसवत सगळेच होते, बाळा. राजे फसवत होते, वैद्य फसवत होते.

सोलास वेगळा कशात? तो बरंचसं खरं बोलायचा. चेहऱ्यावरचं जे गोंदण डेलिश अभिमानाने मिरवतात, ती मुळात गुलामीची खूण होती, हे त्याने सांगितलं. एकेकाळी गुलामांच्या तोंडावरून ती खूण त्याने स्वतःच्या हाताने पुसली होती, हेही खरं. पण आपण कोण ते लपवलं, आणि पुढचंही: आत्म्यांचं जग वेगळं ठेवणारा पडदा फाडून जुनं जग परत आणायचं तर आजचं जग मरणार. त्या मरणाऱ्यांत त्याच्यामागे आलेले एल्फही असतील, याची त्याला खंत होती. पण खंतीने कोणी वाचत नाही. त्याला मी सोडत नाहीये, नीट ऐक. त्याच्यावर तू दोन पानं झोडपून लिहिली असतीस तर मी शाबासकी दिली असती. तू मात्र सोपं गिऱ्हाईक शोधलंस.

आणखी एक. हलमशिरालच्या राजवाड्यातली ती नाचाची रात्र. नोकरांच्या खोल्यांत एल्फांची प्रेतं पडलेली, वर सरदार-दरकदार नाचताहेत. तू तेव्हा काय करत होतास? दरबारात आपली वाहवा किती वाढली, ते मोजत होतास ना? पुढे 'ट्रेसपासर' या जोडभागात तुझ्याच माणसांत सोलासचे हेर निघाले, तेव्हा मात्र मोठा धक्का बसला म्हणे.

ती ओळ खोड. उद्या दोन पानं हवीत. आणि सुरुवात त्या रात्री ताटं घेऊन फिरणाऱ्यांपासून कर. त्यांच्यापैकी एकाशी तरी थांबून बोलला असशील, तर त्याचं नाव लिही.