काम नेऊन द्यायची जागा

घरून काम करून कंटाळा येतो, एकटं वाटतं, असं कुणी म्हटलं की त्याला मिळणारे सल्ले ठरलेले असतात. सकाळी फिरायला जावं, एखादा छंद लावून घ्यावा, खिडकीत चार कुंड्या ठेवाव्यात, ध्यान करावं, शनिवारी मित्रांना भेटावं. यातला एकही सल्ला वाईट नाही. पण हे सगळे कामाच्या वेळेबाहेरचे उपाय आहेत, आणि कंटाळा येतो तो सकाळी अकरा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान, ऐन कामात. शिवाय या सल्ल्यांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते: दोष त्या माणसाच्या मनात आहे, तेव्हा त्याने तो स्वतःच निस्तरावा. मला हे मान्य नाही. हा एकटेपणा कामाच्या मांडणीतून आलेला आहे. मांडणी बदलल्याशिवाय तो जाणार नाही.

घरून काम करणं ही गोष्ट मार्च २०२० च्या टाळेबंदीत जन्माला आली असं आपण बोलतो. संगणकवाल्यांच्या, बँकवाल्यांच्या घरात ती तेव्हा आली, एवढंच खरं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बायका पिढ्यानपिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’चा गृहउद्योग उभा राहिला. आज त्यात चाळीस हजारांहून अधिक बायका आहेत आणि पापड अजूनही घरीच लाटला जातो. घरून काम कसं करावं हे शिकायचं असेल तर या बायकांकडे बघायला हवं होतं. आपण बघितलं नाही, कारण त्यांचं काम आपण कामात धरत नाही.

लिज्जतची रीत नीट पाहण्यासारखी आहे. पीठ भिजवणं, मळणं शाखेत होतं. सकाळी बहिणी (तिथे प्रत्येक सभासद बाईला बहीणच म्हणतात) आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड घेऊन शाखेत येतात. पुष्कळ ठिकाणी त्यांना आणायला गाडी असते. पापड तपासले जातात, वजन होतं, लाटण्याची मजुरी हिशेबाला लागते, आणि मळलेलं ताजं पीठ घेऊन बाई घरी परतते. पुढचा सगळा दिवस तिच्या घरातला, तिच्या सोयीचा. मूल झोपलं की लाटायचं, ऊन आलं की वाळत घालायचं.

या सकाळच्या फेरीचं मोल मला फार मोठं वाटतं. काल केलेलं काम कुणीतरी हातात घेऊन बघतं. पापड जाड झाला तर तिथल्या तिथे सांगतं. रांगेत पुढे-मागे त्याच कामातल्या दहा जणी उभ्या असतात. पिठाबद्दल, उन्हाबद्दल, घरातल्या दुखण्याबद्दल त्यांना समजावून सांगावं लागत नाही. दिवस कुठे सुरू झाला हे कळतं. ही बाई दिवसभर एकटी लाटते, पण तिचं काम एकटं पडत नाही.

विडीच्या धंद्यात मजुरी तुटपुंजी, तंबाखूची धूळ फुप्फुसात जाते, आणि ते काम करणाऱ्या बायकांच्या आयुष्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण तिथेही वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्याव्या लागतात, पानं आणि तंबाखू आणावा लागतो. खराब म्हणून विड्या बाजूला काढल्या, पैसे कापले, तर घरी एकट्या बसलेल्या बाईला तो आपलाच दोष वाटू शकतो. कारखान्याच्या दारात तिला दिसतं की शेजारणीच्याही कापल्या आहेत. सोलापुरात विडी कामगार बायकांची जबर संघटना उभी राहिली, आणि गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये त्यांच्या हाती आली. या सगळ्यामागे नेतृत्व होतं, चळवळ होती. तरी बायका एकमेकींना रोज भेटत होत्या हे त्याच्या मुळाशी होतं, असं माझं मत आहे.

आता पुण्यातली वाकडची एखादी खोली डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेनऊचा कॉल. पडद्यावर बारा चौकोन, त्यांतल्या दहांत फक्त नावाची आद्याक्षरं, कारण कॅमेरे बंद. आपली पाळी आली की म्यूट काढायचं, काल काय केलं ते तीन वाक्यांत सांगायचं, पुन्हा म्यूट करायचं. गावाहून आलेली आई कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून अंग चोरून चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवते. संध्याकाळी फाइल पाठवली जाते. उत्तरादाखल अंगठा येतो, कधी तोही येत नाही. ती फाइल कुणी उघडली, वाचली, तिचं पुढे काय झालं, हे समजायला वाव नसतो. या खोलीतल्या मुलाला काम कमी आहे असं नाही, दहा-दहा तास आहे. त्याला कंटाळा येतो, कारण अकराचा तास आणि चारचा तास यांत फरक उरलेला नाही, आणि केलेलं काम कुणाच्या हातात पडताना त्याला दिसत नाही.

यावर एक चांगला अभ्यास आहे. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. स्वखुशीने पुढे आलेल्या, घरी स्वतंत्र खोली असलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातले चार दिवस घरून काम करू दिलं, बाकीच्यांना कार्यालयातच ठेवलं. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. हा आकडा जगभर सांगितला गेला. त्याच्या पोटातला हिशेब कमी सांगितला जातो. त्या १३ पैकी सुमारे ९ टक्के वाढ झाली ती लोक पाळीत जास्त मिनिटं कामाला बसले म्हणून. मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या म्हणून. प्रयोग संपल्यावर मोकळीक दिली, तेव्हा घरून काम केलेल्यांपैकी जवळपास निम्मे कार्यालयात परतले. एकटेपणा हे त्यांनी सांगितलेलं मोठं कारण होतं. कामगिरी सारखी असूनही घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली, तेही नोंदलं गेलं.

चहाला उठणं, पाणी प्यायला जाताना कुणाच्या टेबलाशी थांबणं, ही मिनिटं कंपनीच्या वहीत नफा म्हणून जमा झाली आणि कर्मचाऱ्याच्या दिवसातून वजा झाली. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा २०२० मधला संपर्क तपासला, तेव्हाही असंच काहीसं दिसलं: सगळे घरी गेल्यावर गट आपापल्यात मिटले आणि गटागटांमधले दुवे विरळ झाले. रोजच्या सहकाऱ्यांशी बोलणं चालू राहिलं. जिन्यात, कँटीनमध्ये सहज भेटणारी माणसं गेली.

म्हणून सगळ्यांना परत कार्यालयात बोलवा, असं मात्र मी म्हणणार नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर रोज जे तास जातात ते कुणाच्या भल्याचे नाहीत. अपंग माणसाला, आजारी सासऱ्यांकडे बघणाऱ्या सुनेला, आपलं गाव न सोडता नोकरी करू पाहणाऱ्या मुलीला घरून कामाने जे दिलं ते काढून घेणं अन्याय होईल. ब्लूम यांच्याच २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, त्याच कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना आठवड्याचे दोन दिवस घरून काम करू दिलं, त्यांच्यात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि कामगिरीत काही कमी झालं नाही. माणसांना घर हवं आहे. घरातच कोंडून घेणं नको आहे.

गंमत अशी की कार्यालयापासून दूर बसून काम करण्याच्या कल्पनेच्या मुळात घर नव्हतंच. अमेरिकेत जॅक निलिस यांनी १९७३ च्या सुमारास दूरस्थ कामाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यासमोर एक विमा कंपनी होती, आणि शहराच्या मध्यात जाण्याऐवजी कर्मचाऱ्यांनी आपल्या वस्तीजवळच्या छोट्या केंद्रात जावं, असा तो विचार होता. प्रवास वाचावा, सोबत राहावी. पुढे यंत्र इतकं लहान झालं की केंद्राची गरज वाटेना, आणि सोबतीचा विचार मागे पडला.

अशा केंद्राचा नमुना आपल्याकडे आहे. पुण्यातल्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची घेतात. पुस्तकं त्यांचीच, डबा त्यांचाच, आणि खोलीवरही अभ्यास करता येतोच. तरी ती जातात. तिथे बोलायलाही बंदी असते. पण समोरचा मान खाली घालून बसलेला दिसतो, दुपारी दोन वाजता चार जण उठून चहाला जातात, आणि एखादा तीन दिवस आला नाही तर विचारणा होते. तुटपुंज्या पैशांतून ही मुलं जी गोष्ट विकत घेतात, ती लठ्ठ पगाराच्या नोकरदारालाही लागते, हे आपण कबूल करायला हवं.

केरळ सरकारने ‘वर्क नियर होम’ नावाची योजना आखली ती याच दिशेने. महाराष्ट्राला तर इमारती शोधायचीही गरज नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक वाचनालयं तालुक्या-तालुक्यांत, गावोगावी आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. कित्येक वाचनालयांत दुपारी वर्तमानपत्रांची टेबलं रिकामी असतात. तिथे भरवशाची वीज, चांगलं नेट, फोनवर बोलायला एक बंद खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह दिलं, तर साताऱ्यातल्या किंवा लातुरातल्या वीस जणांना रोज जायला जागा मिळेल. चांगल्या अवस्थेतलं वाचनालयही त्यामुळे गावाला मिळेल.

बायकांसाठी ही जागा सोयीपेक्षा जास्त आहे. घरून काम करणाऱ्या बाईला ‘तू घरीच तर आहेस’ हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं! कुरिअर तिनेच घ्यायचं, कुकरच्या शिट्ट्या तिनेच मोजायच्या, पाहुण्यांना चहा तिनेच द्यायचा, आणि मधल्या फटीत नोकरी. तिला एकटेपणाही येतो आणि एकांतही मिळत नाही. दुपारचे चार तास पर्स उचलून घराबाहेर पडणं हा तिच्यासाठी मोकळा श्वास आहे, आणि तिचं काम हे काम आहे, याची घरातल्यांना रोजची आठवणही.

राहता राहिला हक्काचा आणि पैशाचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरून काम करणाऱ्यांविषयीचा करार १९९६ चा. घरी बसून मालकाचं काम करणाऱ्याला इतर कामगारांसारखीच वागणूक आणि संघटनेचा हक्क मिळावा, असं तो म्हणतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. पापड-विडीवाल्या बायकांसाठी तो जितका गरजेचा, तितकाच लॅपटॉपवाल्यांसाठीही आहे. घरून कामामुळे कंपन्यांचा जागेचा, विजेचा, बसगाड्यांचा खर्च वाचतो. त्यातून वस्तीतल्या केंद्रातल्या खुर्चीचं भाडं कंपनीने द्यावं, आणि महिन्यातून काही ठरलेले दिवस एकाच कामावरची माणसं एकत्र बसतील, एकमेकांचं काम उघडून बघतील, त्या दिवसांचा प्रवासखर्चही तिनेच करावा. हे मर्जीवर न सोडता नेमणुकीच्या पत्रात, पगाराच्या आकड्याच्या खाली लिहिलेलं असावं.