निमित्ताशिवाय विश्रांती

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी. नारायण मेघाजी लोखंडे त्याआधी जवळपास सहा वर्षं त्यासाठी भांडत होते. १८८४ सालच्या त्यांच्या मागण्या अगदी साध्या होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास उसंत, पगार वेळेवर. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असं कारण तेव्हा पुढे केल्याचं सांगितलं जातं. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या.

आज रविवारी सुट्टी घेताना कुणालाही खंडोबाचं नाव घ्यावं लागत नाही. विश्रांतीचा हक्क पक्का झाला की तिचं कारण द्यावं लागत नाही. पण ही सुट्टी गिरणीच्या फाटकापर्यंतच आली, घराचा उंबरा काही तिला ओलांडता आला नाही. रविवारी घरातले सगळे आपापल्या वेळेला उठतात, म्हणून चहा तीनदा टाकायचा. रोजचे पोहे नकोत, इडली हवी, म्हणून आदल्या दिवशीच डाळ-तांदूळ भिजत घालायचे. दुपारी सामिष, संध्याकाळी पाहुणे, मधल्या वेळेत गणवेशांना इस्त्री आणि आठवड्याची भाजी निवडून डब्यांत भरणं. सोमवारी ऑफिसात खुर्चीवर बसल्यावर जरा टेकल्यासारखं वाटतं, असं नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी हसत सांगतात. त्यांच्या बोलण्यातली तक्रार मात्र आपण विनोद म्हणून सोडून देतो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत या तक्रारीचा हिशेब सापडतो. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त एकीकडे आणि दीड तासाहून कमी दुसरीकडे. शिवाय स्वयंपाकघरात हात लावणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात थोडी. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं या आकड्यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलं जातं. आणि उद्याच्या डब्याला काय, गॅस कधी संपेल, सासऱ्यांची रक्ततपासणी कुठल्या वारी, हे डोक्यात सतत फिरणारं चक्र तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

बाईला विश्रांती लागते हे आपल्या समाजाला कळत नव्हतं, असं मात्र नाही. चांगलं कळत होतं. सासुरवाशिणीला माहेरपण होतं, श्रावणात मंगळागौरीची जागरणं होती, आश्विनात भोंडला होता. बाळंतिणीला सव्वा महिना होता. पंढरीच्या वाटेवर चालताना कितीतरी बायका वर्षातून एकदा चूल विसरत आल्या आहेत. पाळीच्या दिवसांत बाजूला बसण्याबद्दलही जुन्या बायका म्हणत, तेवढीच पाठ टेकायला मिळायची. पण या सगळ्याला एक अट होती. देवाचं काम असेल, अंगावर बाळंतपण असेल, आजारपण असेल किंवा शिवाशीव असेल, तरच बाईनं बसायचं. पाठ टेकण्यासाठी विटाळशी ठरावं लागणं ही तर फार महागात पडलेली विश्रांती. नुसतं दमलं म्हणून बसण्याची सोय कुठेच नव्हती.

ती अजूनही नाही. दुपारी आडवी झालेली बाई दाराची बेल वाजली की आधी ओढणी सारखी करते आणि दार उघडता उघडता सांगते, "जरा डोकं दुखत होतं म्हणून पडले होते." समोरच्याने काहीच विचारलेलं नसतं. पुरुष भर दुपारी घोरत असला तरी कुणी त्याला बरं नाही का असं विचारत नाही, आणि तोही खुलासा करत बसत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांबद्दल हेच दाखवून दिलं: बाई घराबाहेर दिसली तर ती कुठल्यातरी कामाला निघालेली दिसली पाहिजे, नुसती रेंगाळणारी बाई कुणाला चालत नाही. मला वाटतं, घरातही नियम तोच आहे. बसायचं तर हातात मटाराच्या शेंगा हव्यात. मालिका बघायची तर समोर घडी घालायचे कपडे हवेत. सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात जागा मिळाली की मेथीची जुडी निघते, हेही त्याच सवयीतून.

अलीकडे या निमित्तांत बाजाराने भर घातली आहे. महिला दिन जवळ आला की मार्चच्या पहिल्या आठवड्यात पार्लर, स्पा आणि दागिन्यांची दुकानं 'स्वतःसाठी वेळ काढा' म्हणून सवलती जाहीर करतात. फेशियल करून बरं वाटत असेल तर जरूर करावं, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण चेहऱ्यावर लेप असताना मनात कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जात असतील, तर त्या तासाला विश्रांती म्हणता येणार नाही. त्याहून फसवा युक्तिवाद हितचिंतकांचा असतो: आई आनंदी तर घर आनंदी, म्हणून आईने स्वतःकडे लक्ष द्यावं. ऐकायला गोड वाटतं, पण यात बाईची विश्रांती पुन्हा घराच्याच खात्यावर जमा होते. तिने ताजंतवानं व्हायचं ते पुन्हा जोमाने राबता यावं म्हणून. उद्या घराला तिची गरज उरली नाही, मुलं परगावी गेली, तर तिला विश्रांतीची गरज नाही असं म्हणायचं का? ती माणूस आहे आणि माणसाचं शरीर थकतं, एवढं कारण पुरे व्हायला हवं.

त्या शरीराची अवस्था काय आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के. निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नाही. जिना चढताना लागणारी धाप, संध्याकाळची चिडचिड, उठल्यावरही न गेलेला शीण ही बऱ्याचदा त्याचीच लक्षणं. घरात त्यांना "हल्ली आईचा स्वभावच असा झालाय" असं म्हटलं जातं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलंसुरलं, बहुतेकदा थंडच, जेवायची पद्धत तर अजून पुष्कळ घरांत आहे. स्वतःची काळजी घ्यायची म्हणजे आधी हे: गरम अन्न, वेळेवर झोप, दुखणं अंगावर न काढणं.

थायरॉइडच्या गोळीचंच बघा. ती उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास चहासुद्धा घ्यायचा नाही, असं डॉक्टर सांगतात. ज्या घरात सकाळी सहाला एका शेगडीवर चहा आणि दुसरीवर डब्याची भाजी असते, तिथे तो अर्धा तास बाईने कुठून काढायचा? सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिने वारांच्या डबीत नीट लावून ठेवलेल्या असतात. स्वतःची गोळी कधी चहाबरोबर जाते, कधी विसरते, आणि पुढच्या तपासणीत डोस वाढतो. डॉक्टर विचारतात, गोळी वेळेवर घेता ना? ती हो म्हणते. तिच्या सकाळबद्दल मात्र कुणीच विचारत नाही.

हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, असा एक आक्षेप नेहमी येतो. हातावर पोट असलेल्या बाईला कसली आली विश्रांती? पण विश्रांती नाकारल्याची सर्वांत मोठी किंमत तीच मोजते. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की दंड कापला जातो, मग तो तापामुळे असो की पाळीच्या दुखण्यामुळे. फडात संडास नाही, पाण्याचे हाल, पहाटेपासून रात्रीपर्यंत मोळ्या वाहायच्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांचा अभ्यास केला. पाहणीत आलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्याला कारणं अनेक आहेत: लहान वयातली लग्नं, उपचार न झालेले संसर्ग, कॅन्सरची भीती घालणारे आणि शस्त्रक्रियेवर कमावणारे डॉक्टर. पण खाडा परवडत नाही, हेही त्यांतलं एक कारण आहे. महिन्यातले दोन दिवस बसायला मिळत नाही म्हणून अवयवच काढून टाकायची पाळी जिथे येते, तिथे विश्रांतीला चैन कोण म्हणेल?

इथे मध्यमवर्गीय बाईलाही स्वतःला एक प्रश्न विचारावा लागेल. आपण आडवं व्हायचं ठरवलं की आपलं काम जातं कुणाकडे? बहुतेक वेळा दुसऱ्या बाईकडेच: सासूकडे, थोरल्या मुलीकडे किंवा धुणंभांडी करणाऱ्या मावशींकडे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली कायदा झाला, कल्याण मंडळ आलं. तरीही मावशींची आठवड्याची सुट्टी पुष्कळ घरांत मालकिणीच्या मर्जीवरच चालते, आणि महिन्याला किती खाडे झाले याचा हिशेब कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवला जातो. जी विश्रांती आपल्याला हवी, तीच मावशींना पगारी सुट्टी म्हणून देणं आधी जमायला हवं.

घरातल्या पुरुषांकडे काम जायचं तर ते आख्खं जायला हवं. "सांग ना, काय मदत करू?" या वाक्याने बाईचा भार हलका होत नाही, सांगण्याचं काम उलट तिच्याकडेच राहतं. रात्रीचं जेवण त्याचं, म्हणजे काय करायचं हे ठरवण्यापासून ओटा पुसेपर्यंत त्याचं. पोळ्या वेड्यावाकड्या होतील, मीठ जास्त पडेल, कोथिंबीर विसरेल. त्या वेळी दारात उभं राहून सूचना न करणं हे बायकांना जमवावं लागेल. स्वयंपाकघर हा पुष्कळ जणींच्या हाती असलेला एकुलता अधिकार असतो, त्यामुळे तो सोडणं सोपं नाही. पण अधिकार आपला आणि थकवाही आपलाच, असं किती दिवस चालवायचं?

वेळ उरला की बसू, असं म्हणणाऱ्या बाईला वेळ कधीच उरत नाही, कारण घरकामाला शेवट नसतो. म्हणून विश्रांती दिवसाच्या आखणीत आधी बसवावी आणि कामं तिच्या भोवती लावावीत. तास ठरवावा, घरात सगळ्यांना सांगावा आणि पाळावा. त्या तासात पुस्तक वाचायचं, चालायला जायचं की नुसतं छताकडे बघत पडायचं, याचा जाब कुणी विचारू नये आणि तिनेही तो आपण होऊन देऊ नये. सुरुवातीला घरातल्यांची गैरसोय होईल. चहा उशिरा मिळेल, मोजा सापडणार नाही, एखाद्या संध्याकाळी वरण-भातावर भागवावं लागेल. होऊ द्यावी ती गैरसोय. आजवर ती एकटीने सोसली, आता तिचे वाटे पडू देत.