सत्तेचाळीस गावे



सर्दी झाली, काढा घेतला, आठवड्यात बरे वाटले. म्हणजे काढा गुणकारी, असे आपण सहज म्हणतो. काढा न घेता किती दिवसांत बरे वाटले असते, हे कोणी पाहत नाही. ‘नंतर घडले म्हणून त्यामुळे घडले’ ही तर्कशास्त्रातली फार जुनी चूक आहे. ती टाळण्यासाठीच शास्त्रज्ञ एवढा खटाटोप करतात. (लूर्दला कोणी बरे झाल्याचे कळले की आपली ख्रिस्तसभादेखील आधी डॉक्टरांनाच विचारते.)

याचे मोठे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था उभारली. तेथील खेड्यांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे ६० महिन्याच्या आत दगावत. १९९३ पासून दोन वर्षे ८६ गावांतले जन्म-मृत्यू मोजले गेले. पुढचे वर्ष ३९ गावांत बाळे नेमकी कशाने आजारी पडतात हे पाहण्यात गेले. मग त्याच गावांतल्या, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना तयार केले. त्या घरोघरी जात, बाळाचे वजन घेत, त्याला उबेत ठेवायला शिकवीत. जंतुसंसर्ग दिसला तर घरीच इंजेक्शन देत. उरलेल्या ४७ गावांत सरकारी सेवा पूर्वीप्रमाणे चालू राहिली आणि फक्त मोजणी झाली.

१९९७-९८ मध्ये ३९ गावांतला आकडा २५ च्या आसपास आला. ४७ गावांतला ६० च्या जवळच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. ती ४७ गावे नसती, तर पाऊसपाणी चांगले झाले, रस्ते आले, काळ बदलला, असे कोणीही म्हणू शकले असते.

पण त्या ४७ गावांत बाळ गेलेल्या आईला काय सांगायचे?

आम्हांला वाटते, गुणकारी ठरलेले औषध अडवून ठेवणे हे पाप आहे. इथे मात्र सुरुवातीला ते ठरलेलेच नव्हते. गावातल्या बाईने दोन दिवसांच्या बाळाला सुई टोचावी, यातून अपायही झाला असता. तेव्हा ज्यांना उपचार मिळाला तेच अधिक सुरक्षित होते, असे कोणालाही छातीठोकपणे सांगता आले नसते. पुढे २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या, त्यामागे हा पुरावा होता. तरीही, ‘पुढे लाखो वाचतील’ हा हिशेब त्या आईपुढे मांडायला आमची जीभ रेटत नाही.

खरा पेच मधल्या काळाचा. आकडा घसरू लागतो, पण खात्री व्हायला अजून वर्ष हवे असते. ‘आता पुरे’ कधी म्हणायचे, हे आकडे आपणहून सांगत नाहीत. कोणाला तरी ते ठरवावे लागते. म्हणून हल्ली औषधांच्या मोठ्या चाचण्यांत यासाठी वेगळी समिती नेमतात. त्या औषधात तिच्या सभासदांचा काही स्वार्थ नसतो, आणि चाचणी मध्येच थांबवा, असे ती सांगू शकते.