मधल्या वर्षातला कौल

जयपूर हेरिटेज आणि जयपूर ग्रेटर या दोन्ही महापालिकांची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. त्यांच्या जागी पुन्हा एकच महापालिका आणायची, २५० वॉर्डांचे १५० करायचे, एवढे ठरले. राजस्थानातल्या सगळ्या स्थानिक निवडणुका एकदम घेण्याचे धोरणही 'एक राज्य, एक निवडणूक' या नावाने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पातच जाहीर झाले. जानेवारी २०२५ मध्ये हजारो ग्रामपंचायतींची मुदत संपली, तेव्हा निवडणुका न घेता मावळत्या सरपंचांनाच प्रशासक नेमण्यात आले. २ ऑक्टोबर १९५९ ला नेहरूंनी पंचायत राजचा आरंभ केला तो याच राज्यात, नागौरला.

आपल्याला महाराष्ट्रात यात नवे काही वाटणार नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतर तिथे प्रशासक कारभार पाहत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटले. पुढे ती मुदतही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावी लागली.

याउलट अमेरिकेत अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध मध्यावधी निवडणुका होतात. त्या दिवशी केवळ संसदेचे सभासद निवडले जात नाहीत. ८ नोव्हेंबर २०२२ ला ३६ राज्यांनी गव्हर्नर निवडले, आणि अनेक ठिकाणी त्याच मतपत्रिकेवर राज्याचा महाधिवक्ता, विधिमंडळाचे सभासद आणि न्यायाधीशही होते. इतकी पदे लोकांनी निवडावीत याचे आपल्याकडे कौतुक होते. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दिवस. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, कायद्याने बांधलेला. १८६२ मध्ये यादवी युद्ध पेटले असतानाही मध्यावधी निवडणुका झाल्या. सत्तेवर कोणीही असो, लोक कधी विचारणार हे त्याला ठरवता येत नाही.

आपल्या घटनेतही तशी तजवीज आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या दुरुस्तीने महापालिकेची मुदत पाच वर्षे केली आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे असे सांगितले. राजस्थानची विधानसभा नोव्हेंबर २०२३ मध्ये निवडली गेली, पुढची २०२८ ला. म्हणजे जयपूरची महापालिका निवडणूक साधारण मधे येते. सीकर रोडवर पाणी तुंबते, परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, गल्ल्यांत गटारे भरून वाहतात, त्याचा राग आमदारापर्यंत पोचवायची मतदाराची हीच वेळ. ती पुढे ढकलणे म्हणजे त्याचे बोलणे मधेच तोडणे.

तारीख हा एकच पत्ता सरकारच्या हाती असता तरी एक वेळ चालले असते. महापौर कोणी निवडायचा, हेही तेच ठरवते. २००९ मध्ये जयपूरच्या मतदारांनी ज्योती खंडेलवाल यांना थेट निवडले. महापौर काँग्रेसच्या आणि सभागृहात बहुमत भाजपचे, असा पाच वर्षांचा संसार झाला. २०१४ ला ती पद्धत गेली आणि पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, निवडलेले तीन महापौर एकाच कार्यकाळात आले: निर्मल नाहटा, अशोक लाहोटी, आणि जानेवारी २०१९ मध्ये एका मताने जिंकलेले बंडखोर विष्णू लाटा. २०१९ च्या आरंभी सरकारने थेट निवडणूक जाहीर केली, ऑक्टोबरात मागे घेतली, आणि त्याच महिन्यात शहराच्या दोन महापालिका केल्या. महाराष्ट्राने नगराध्यक्षांच्या बाबतीत हाच खेळ केला: २०१६ ला थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला पुन्हा थेट. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येते. पण नियम दर वेळी सत्ताधाऱ्याच्या सोयीने फिरत असेल, तर कुठलीच पद्धत मुरत नाही. शिवाय खरा कारभार दोन्ही पद्धतींत राज्याने पाठवलेल्या अधिकाऱ्याच्याच हाती राहतो.

निवडलेल्याला काढायचा अधिकारही वरच आहे. जयपूर ग्रेटरच्या तेव्हाच्या महापौर सौम्या गुर्जर भाजपच्या, राज्यात तेव्हा सरकार काँग्रेसचे. आयुक्तांशी झालेल्या वादानंतर जून २०२१ मध्ये सरकारने त्यांना निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर त्या परतल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने त्यांना बडतर्फ केले. नव्या महापौरासाठी १० नोव्हेंबरला मतदान ठेवले. त्याआधी राजस्थानच्या रिवाजाप्रमाणे पार्षदांची बाडेबंदी झाली, म्हणजे फुटू नयेत म्हणून त्यांना एका जागी नेऊन ठेवले. आणि मतदानाच्याच दिवशी उच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द केला. मतपेट्या उघडल्याच नाहीत. त्यांची बाजू नीट ऐकून न घेता काढले, एवढा साधा मुद्दा होता. त्या वादात चूक कोणाची होती हे मला इथे ठरवायचे नाही. जयपूरच्या मतदाराचा कौल त्या दिवशी टिकला तो न निवडलेल्या न्यायाधीशामुळे, हे मात्र सांगायला हवे.

म्हणूनच, अमेरिकेसारखे न्यायाधीशही निवडून द्यावेत या कल्पनेची मला धास्ती वाटते. तिथल्या आयोवा राज्यात २०१० साली, समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला म्हणून, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींना मतदारांनी घरी बसवले. तसे न्यायाधीश जयपुरात असते तर त्यांनी सरकारला रोखले असते का? मला शंका आहे.

एकत्र निवडणुकांच्या बाजूने सांगितले जाते ते खोटे नाही. आचारसंहितेत कामे अडतात, शिक्षक महिनोन्‌महिने मतदार याद्यांत अडकतात. गावापासून महापालिकेपर्यंत सगळ्या निवडणुका एका दिवशी घ्या, मी त्याच्या बाजूने आहे. फक्त तो दिवस पाच वर्षे आधी ठरलेला असावा, आणि विधानसभेपासून दूर, मधल्या वर्षात असावा. एकत्र करण्याच्या नावाखाली मुदत संपलेल्या संस्थांवर प्रशासक बसवणे ही सुधारणा नव्हे.

त्यासाठी वॉर्डांच्या सीमा आणि तारीख या दोन्ही गोष्टी राज्य निवडणूक आयोगाकडे गेल्या पाहिजेत. महाराष्ट्र नेमका उलटा गेला: मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडून सरकारकडे घेणारे विधेयक विधिमंडळात एकमताने संमत झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष तेव्हा एका बाजूला होते. हेच पक्ष पुन्हा आपल्या वॉर्डात मत मागायला येतील. तो कायदा परत फिरवणार का, हे त्यांना दारातच विचारायला हवे.